यादीतला शेवटचा अवयव

ट्युबरस स्क्लेरोसिस हा आजार असलेल्या माणसाची तपासणी कोणत्या क्रमाने करायची, हे बहुतेक रुग्णालयांत ठरून गेलेले असते. आधी मेंदू, कारण आकडी तिथून येते. मग मूत्रपिंडे, कारण तिथल्या गाठींतून एखाद्या दिवशी अचानक रक्तस्राव होऊ शकतो. मग हृदय, डोळे आणि रुग्ण प्रौढ स्त्री असेल तर फुप्फुसे. त्वचेची पाळी सगळ्यांत शेवटी येते आणि तोवर डॉक्टरांच्या टेबलावर पुढच्या रुग्णाची फाइल येऊन पडलेली असते. माझ्या धाकट्या बहिणीच्या बाबतीत हा क्रम मी आम्ही दोघी लहान होतो तेव्हापासून पाहत आले आहे. जीव आधी आणि रूप नंतर, हे कोणीही मान्य करील, आम्हीही केले. मात्र मेंदूतल्या आणि मूत्रपिंडातल्या गाठी वर्षातून एकदा एमआरआयच्या फिल्मवर दिसतात, आणि चेहऱ्यावरच्या गाठी भाजीवाल्यापासून बसच्या कंडक्टरपर्यंत सगळ्यांना रोज दिसतात. तिचे बालपण, शाळा, नोकरी आणि लग्नाची बोलणी यांवर सर्वांत जास्त सत्ता कोणी गाजवली असेल, तर ती यादीतल्या या शेवटच्या अवयवाने.

साधारण सहा हजार जन्मांमागे एका बाळात हा आजार आढळतो. नवव्या गुणसूत्रावरचे टीएससी-१ किंवा सोळाव्या गुणसूत्रावरचे टीएससी-२ यांपैकी एका जनुकात दोष असतो. या दोन जनुकांपासून बनणारी हॅमार्टिन आणि ट्युबेरिन ही प्रथिने जोडीने काम करतात आणि पेशींच्या वाढीला आवर घालतात. तो आवर सुटला की पेशी नको तिथे, नको तेवढ्या वाढतात. त्यातून होणाऱ्या गाठी बहुधा कर्करोगाच्या नसतात, पण त्या शरीरात जवळजवळ कुठेही होऊ शकतात. चेहऱ्यावर त्या नाकाच्या दोन्ही बाजूंना, गालांवर आणि हनुवटीवर येतात. मोहरीपासून मुगाएवढ्या आकाराच्या, गुळगुळीत, तांबूस किंवा तपकिरी. वरचा ओठ बहुतेक वेळा मोकळा राहतो, हे त्यांचे एक वैशिष्ट्य. त्या साधारणपणे दोन ते पाच वर्षांच्या वयात दिसू लागतात आणि वयात येताना जोमाने वाढतात, म्हणजे नेमक्या त्या काळात, जेव्हा आरशाशी प्रत्येकाचे नाते आधीच नाजूक असते. आत पू नसतो, तेलग्रंथीही कारण नसतात; तंतुमय ऊती आणि बारीक रक्तवाहिन्या यांचा तो गुंता असतो. म्हणूनच टॉवेल जरा जोरात फिरला तरी रक्त येते.

त्वचेला दुय्यम मानण्याची परंपरा या आजाराच्या पहिल्या नोंदीइतकीच जुनी आहे. १८८० साली पॅरिसच्या साल्पेट्रिएर रुग्णालयात देझिरे-माग्लॉआर बूर्नव्हिल या डॉक्टरांनी आकडीने त्रस्त असलेल्या एका किशोरवयीन मुलीची हकिकत लिहून ठेवली. तिच्या मृत्यूनंतर मेंदूत जागोजागी घट्ट, कंदासारखे भाग सापडले आणि आजाराला त्यावरून नाव मिळाले. त्या मुलीच्या नाकावर, गालांवर आणि कपाळावर पुरळ होते, हे बूर्नव्हिल यांनी नमूद केले होते. पण मेंदूशी त्याचा काही संबंध असावा, असे त्यांना वाटले नाही. १८९० मध्ये लंडनच्या जॉन प्रिंगल यांनी चेहऱ्यावरच्या अशाच गाठींचे स्वतंत्र वर्णन केले. आकडी, बौद्धिक वाढ खुंटणे आणि चेहऱ्यावरचे हे पुरळ या तिन्ही गोष्टी एकाच आजाराच्या आहेत, हे हाइनरिख फोग्ट यांनी ठामपणे मांडले तेव्हा १९०८ साल उजाडले होते. निदानाचा सगळ्यांत उघड पुरावा, अगदी तोंडावर लिहिलेला, अठ्ठावीस वर्षे वाचला गेला नाही.

आमच्या घरी इतकी वर्षे लागली नाहीत, पण लागली. माझी बहीण तान्ही असताना एकाएकी दचकल्यासारखे करी, हातपाय पोटाशी घेई, सोडी, पुन्हा घेई. साताऱ्याच्या बालरोगतज्ज्ञांनी आकडीचे औषध सुरू केले आणि ते लागूही पडले. तिच्या पाठीवर आणि मांडीवर दोन-तीन फिकट पांढरे डाग होते. लांबट, एका टोकाला निमुळते, पानासारखे. असे डाग या आजाराची सर्वांत आधी दिसणारी खूण असतात, हे वैद्यकशास्त्राने १९६८ सालीच नोंदवले होते. आमच्या आजीने मात्र त्यांचे निदान एका शब्दात केले: कोड. मराठी घरात मुलीच्या अंगावर पांढरा डाग दिसणे म्हणजे काय, हे ज्यांना माहीत आहे त्यांना पुढचे सांगायला नको. झगा नेहमी गुडघ्याखालपर्यंत, पाहुण्यांसमोर अंघोळ घालायची नाही आणि आईला दर काही दिवसांनी तोच प्रश्न, की ग्रहणात तू विळीला हात लावला होतास का? आई आधी नाही म्हणायची. नंतर नंतर तिने उत्तर देणेच सोडले.

खरे निदान पुण्याच्या एका रुग्णालयात झाले, तेही योगायोगाने. आकडीचे औषध बदलून घ्यायला गेलो असताना एका तरुण रेसिडेंट डॉक्टरने बहिणीचा चेहरा उजेडाकडे वळवून पाहिला आणि विचारले, "अंगावर कुठे पांढरे डाग आहेत का?" मग खोलीत अंधार करून जांभळट प्रकाशाचा वूड्स दिवा तिच्या पाठीवर धरला गेला. एरवी जेमतेम दिसणारे डाग त्या उजेडात खडूने काढल्यासारखे उठून दिसले, आणि आम्हाला ठाऊक नसलेले आणखी काही. कमरेच्या वर एक जाडसर, खरखरीत चट्टाही सापडला. त्यानंतर त्या डॉक्टरने आईवडिलांना आणि मलाही तपासायचे ठरवले. सुमारे दोनतृतीयांश रुग्णांत जनुकातला दोष नव्यानेच उद्भवलेला असतो, आईवडिलांत काहीच नसते. आमच्याकडे तसे नव्हते. बाबांनी पायमोजा काढला आणि उजव्या पायाच्या अंगठ्यावर, नखाच्या कडेतून उगवलेले मांसाचे गव्हाच्या दाण्याएवढे बोंड बाहेर आले. ते कित्येक वर्षे तिथे होते. चप्पल चावून झाले असेल म्हणून त्यांनी ते दोनदा ब्लेडने कापले होते आणि ते पुन्हा वाढले होते. नखाशेजारची अशी गाठ हे या आजाराचे एक मुख्य लक्षण आहे. बाबांना आकडी कधी आली नव्हती, चेहरा स्वच्छ होता, बँकेत नोकरी होती. एकाच घरात, एकाच दोषातून आजार इतका वेगवेगळा उतरतो. माझ्या अंगावर काही निघाले नाही. परतीच्या एसटीत बाबा काही बोलले नाहीत. घरी आल्यावर मात्र आजीला त्यांनी पाय दाखवला आणि म्हणाले, "हे माझ्याकडनं आलंय. तिला परत विचारायचं नाही." ग्रहणाचा विषय आमच्या घरात त्या दिवशी मिटला.

चेहऱ्याचा विषय मात्र वाढत गेला. नववी-दहावीत बहिणीच्या गालांवरच्या गाठी इतक्या दाटल्या की त्या मुरुमच आहेत अशी पाहणाऱ्याची खात्री होई, आणि मुरुमांवर औषध सांगणे हा आपल्याकडे प्रत्येकाचा जन्मसिद्ध हक्क. हळद-चंदन, मुलतानी माती, कडुलिंबाचा पाला, तेलकट खाऊ नको, पोट साफ ठेव. एका त्वचारोगतज्ज्ञानेही पूर्वीचे कागद न पाहता मुरुमांचे मलम लिहून दिले. त्याने कातडी सोलवटली आणि गाठी तशाच राहिल्या. पार्लरमधली बाई दोरा हातात घेऊन क्षणभर थांबली आणि म्हणाली, "हे बरं झालं की या." सगळ्यांत विचित्र अनुभव फोटो स्टुडिओचा. स्थळांना पाठवायचा फोटो काढायला गेलो, तर त्याने आम्हाला न विचारता कॉम्प्युटरवर एकेक गाठ पुसून टाकली आणि गुळगुळीत गालांची एक अनोळखी मुलगी आमच्या हातात दिली. पैसे वेगळे घेतले नाहीत, उलट उपकार केल्यासारखा हसला. बहिणीने तो फोटो पाठवू दिला नाही. तिचे म्हणणे सरळ होते: माणसे फोटो बघून येतील आणि दारात मला बघतील, ते दोन सेकंद मला नकोत.

नोकरीसाठी ती पुण्यात आली आणि तिथल्या मुलींच्या स्कार्फची तिला फार मदत झाली. दुचाकीवर डोळे सोडून सगळा चेहरा गुंडाळून घेणाऱ्या मुलींची बाहेरगावचे लोक चेष्टा करतात. माझ्या बहिणीला मात्र त्या गर्दीत पहिल्यांदा इतरांसारखे दिसता आले. या स्कार्फचा औषधी उपयोगही होता, हे आम्हाला पुढे कळले. जन्मजात दोषामुळे पेशीतली जनुकाची एक प्रत बिघडलेली असतेच; दुसरी, चांगली प्रत बिघडली की गाठ धरते. चेहऱ्यावरच्या गाठींचा अभ्यास केला तेव्हा या दुसऱ्या बिघाडांपैकी अनेकांवर सूर्याच्या अतिनील किरणांचा ठसा आढळला. गाठी चेहऱ्याच्या उघड्या भागावरच का दाटतात, याचा निदान काही अंशी त्यात उलगडा होतो. त्यामुळे या आजारात ऊन चुकवणे हाही उपचाराचाच भाग आहे.

तोवर उपचार म्हणजे कापणे, जाळणे किंवा खरवडणे. विजेच्या सुईने गाठ जाळतात, कार्बन डायऑक्साइड लेझरने ती थराथराने उडवतात, लालसर गाठींच्या रक्तवाहिन्यांसाठी पल्स्ड डाय लेझर असतो. बहिणीने लेझर करून घेतला. आधी गालांवर बधिर करणारे मलम, त्यावर प्लॅस्टिकची पातळ पट्टी, मग जळक्या केसांसारखा वास आणि घरी आल्यावर पाझरणारे, खपल्या धरणारे गाल. खपल्या पडल्यावर चेहरा खरोखर सपाट झाला होता. आईने दृष्ट काढली. पण आपल्याकडच्या सावळ्या कातडीला जखम भरल्यावर काळे डाग ठेवून जायची खोड असते, ते डाग बरेच महिने राहिले, आणि ते फिके होईपर्यंत खालून नव्या गाठी डोके वर काढू लागल्या होत्या. यात लेझरचा दोष नाही. तो वर आलेले काढतो. खाली पेशींना मिळणारा वाढीचा हुकूम तसाच चालू राहतो. हा हुकूम देणाऱ्या प्रथिनाला एमटॉर म्हणतात, आणि त्याला गप्प करणारे औषध तेव्हा जगात अस्तित्वात होते. फक्त ते चेहऱ्यापर्यंत पोहोचले नव्हते.

त्या औषधाचा प्रवास मला या सगळ्या प्रकरणातला सर्वांत नवलाचा भाग वाटतो. १९६४ च्या अखेरीस कॅनडातून एक वैद्यकीय मोहीम प्रशांत महासागरातल्या ईस्टर बेटावर गेली. तिथले रहिवासी त्या बेटाला रापा नुई म्हणतात. तिथले लोक अनवाणी हिंडतात, तरी त्यांना धनुर्वात कसा होत नाही, या कुतूहलापोटी मोहिमेतल्या जॉर्ज नोग्राडी यांनी बेटाचे भाग पाडून ठिकठिकाणची माती गोळा केली. त्या मातीचे नमुने पुढे माँट्रियलच्या एयर्स्ट कंपनीच्या प्रयोगशाळेत गेले, आणि तिथे सुरेंद्रनाथ सेहगल यांच्या चमूने एका जिवाणूपासून बुरशीला मारणारे एक द्रव्य वेगळे केले. बेटाच्या नावावरून ते रॅपामायसिन झाले. औषधाच्या दुकानात त्याला सिरोलिमस म्हणतात. सेहगल हे आताच्या पाकिस्तानातल्या खुशाबचे. त्यांनी औषधनिर्माणशास्त्राचे शिक्षण बनारस हिंदू विद्यापीठात घेतले होते. कंपनीने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला माँट्रियलची प्रयोगशाळा बंद केली आणि या द्रव्यावरचे काम थांबले, तेव्हा सेहगल यांनी जिवाणूचा साठा घरी नेला आणि घरच्या फ्रीझरमध्ये, 'खाऊ नका' अशी चिठ्ठी लावून, जपून ठेवला. काही वर्षांनी कंपनीचे विलीनीकरण झाल्यावर त्यांनी नव्या वरिष्ठांना पटवून काम पुन्हा सुरू केले. १९९९ मध्ये अमेरिकेत या औषधाला मान्यता मिळाली ती मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठी, शरीराने नवे मूत्रपिंड नाकारू नये म्हणून. २००३ साली सेहगल वारले. ट्युबरस स्क्लेरोसिसचे हॅमार्टिन आणि ट्युबेरिन ज्याला आवर घालतात ते एमटॉरच आहे, हे त्याच सुमारास स्पष्ट होत होते. ज्या प्रथिनाला सेहगल यांचे औषध बंद करते, त्याच प्रथिनाचा लगाम या रुग्णांत सुटलेला असतो. इतकी नेमकी गाठ वैद्यकात क्वचितच पडते.

इथेही आधीचाच क्रम पाळला गेला. या कुळातले औषध पोटातून द्यायला सुरुवात झाली ती मेंदूतल्या आणि मूत्रपिंडातल्या गाठींसाठी. ते घेणाऱ्या रुग्णांचे चेहरेही निवळतात, हे डॉक्टरांच्या लक्षात आले, पण पोटातून घेतलेले औषध प्रतिकारशक्ती दडपते, तोंडात फोड आणते, कोलेस्टेरॉल वाढवते. केवळ चेहऱ्यासाठी ते कोण देणार? मग ते वरून लावून पाहण्याची कल्पना निघाली, आणि २०१० मध्ये तसा पहिला अनुभव प्रसिद्ध झाला. जपानमध्ये ६२ रुग्णांवर बारा आठवडे चाचणी झाली, ०.२ टक्के जेल लावणाऱ्यांपैकी ६० टक्के जणांना ठरवलेल्या निकषाइतका गुण आला, औषध नसलेले जेल लावणाऱ्यांत तसा एकही नव्हता. २०१८ मध्ये जपानने या जेलला मान्यता दिली आणि मार्च २०२२ मध्ये अमेरिकेने, सहा वर्षे आणि त्यावरच्या वयासाठी.

ते जेल आमच्या आवाक्यातले नव्हते. पण मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेल्यांसाठी भारतीय कंपन्या सिरोलिमसच्या गोळ्या बनवतात, आणि बहिणीच्या त्वचारोगतज्ज्ञांनी त्या गोळ्या कुटून मलम करून घ्यायचा मार्ग सुचवला. ओळखीच्या औषधविक्रेत्याने खलात गोळ्यांची पूड केली, वस्त्रगाळ केली आणि पेट्रोलियम जेलीत घोटली. पहिली डबी आली तेव्हा मलमात बारीक कण लागत होते, श्रीखंडात न विरघळलेल्या साखरेसारखे. ते गोळीवरच्या वेष्टनाचे होते. पुढच्या खेपेला त्याने आधी वेष्टन काढून घेतले. डबी फ्रिजच्या दारात, लोणच्याच्या बरणीमागे. रात्री तोंड धुऊन, नीट कोरडे करून, करंगळीच्या टोकावर मावेल एवढे घ्यायचे, गाठींवर टेकवत जायचे, डोळ्यांच्या कडा आणि ओठ सोडायचे. सकाळी पुन्हा, आणि त्यावर सनस्क्रीन. सुरुवातीला चुणचुण झाली, कातडी कोरडी पडली. मग आधी लाली उतरली. हा बदल आम्हाला कळण्याआधी तिच्या ऑफिसमधल्या चहावाल्या मावशींना कळला. लहान गाठी बसत गेल्या, मोठ्या मऊ पडल्या. नाकाच्या बाजूच्या जुन्या, राठ गाठी फारशा हलल्या नाहीत. त्या नंतर लेझरने काढल्या आणि त्या जागी मलम चालू ठेवले, तेव्हा त्या पूर्वीसारख्या झपाट्याने परतल्या नाहीत. दोन्ही उपचार एकमेकांना धरून वापरायचे असतात, हे शहाणपण उशिरा का होईना हाती आले.

हे औषध दोष दुरुस्त करत नाही. लावाल तोवर काम करते. सोडले की काही आठवड्यांत किंवा महिन्यांत गाठी हळूहळू परत येतात. एका भाचीच्या लग्नाच्या धावपळीत तिचे लावणे सुटले आणि गालांवर लाली पुन्हा दिसू लागली. एवढ्यावरून नातेवाईक म्हणतात, मग उपयोग काय? याच नातेवाइकांच्या घरात रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्या जन्मभर घेतल्या जातात, आणि त्यांना कोणी निरुपयोगी म्हणत नाही. विमा कंपनीने लेझरचा दावा नाकारताना 'सौंदर्यवर्धक उपचार' असे कारण दिले. ज्या गाठी उशीच्या अभ्र्यावर रक्ताचे ठिपके ठेवतात, नाकपुडीपाशी वाढल्या तर श्वासाला अडतात, आणि मूत्रपिंडातल्या गाठी ज्या दोषातून होतात त्याच दोषातून होतात, त्या काढणे सौंदर्यवर्धन कसे? मूत्रपिंडाच्या एमआरआयचे पैसे त्याच कंपनीने त्याच वर्षी विनातक्रार दिले होते. मला त्या पत्राचा अजून राग आहे, आणि तो कमी व्हावा असे वाटतही नाही.

कपाळाच्या डाव्या बाजूला तिला एक मोठा, उंचावलेला, पिवळसर-तपकिरी चट्टा आहे. तोही याच आजाराचा. त्याच्यावर मलमाचा परिणाम अगदी थोडा झाला, म्हणून तिथे लावणे तिने बंद केले. डॉक्टर म्हणाले काढता येईल, टाके दिसतील. ती नको म्हणाली. आईला वाटते एवढे केले तर तेही करून टाकावे. बहिणीच्या मते तो दुखत नाही, त्यातून रक्त येत नाही आणि केसांची बट त्याच्यावर येते, एवढे पुरे. कोणत्या गाठीसाठी झटायचे हे आता ती ठरवते. स्थळांचा विषय तिने स्वतःच बंद केला आहे. सीएच्या ऑफिसात ती आज लेखापरीक्षणाचे काम बघते, आणि ग्राहकांसमोर बसायचे काम तिने मागून घेतले.

मागच्या तपासणीला आम्ही ओपीडीबाहेर बसलो होतो. शेजारी सोलापूरकडची एक बाई, मांडीवर सात-आठ वर्षांचा मुलगा, त्याच्या नाकाच्या बाजूंना नुकते कुठे दिसू लागलेले तांबूस दाणे. ती बराच वेळ माझ्या बहिणीच्या चेहऱ्याकडे पाहत होती, आणि शेवटी धीर करून तिने विचारले, "ताई, तुम्हाला पण हेच का?" बहिणीने हो म्हटले आणि पर्समधून डबी काढून दाखवली. किती घ्यायचे, डोळ्यांपासून किती लांब ठेवायचे, चुणचुणले तर एक दिवस सोडून लावायचे का हे मनाने न ठरवता डॉक्टरांना विचारायचे, शाळेत टोपी, प्रवासात डबी बर्फाच्या पिशवीत. गाठी लहान असतानाच सुरुवात केली तर त्या जास्त ऐकतात, हेही सांगितले. बाई फोनवर लिहून घेत होती. "आणि महिन्यातून एकदा फोटो काढा," बहीण म्हणाली, "घरातल्या एकाच खिडकीपाशी, सकाळचाच. रोज बघून फरक कळत नाही, आणि डॉक्टरांना दाखवायला काहीतरी लागतं. मोबाइलमधलं ते चेहरा गोरा करणारं सेटिंग मात्र बंद करून ठेवा."